न वाळणाऱ्या रंगाचा सत्कार

५ जानेवारी

सकाळी परिपत्रक आलं. सरकारी प्रयोगशाळांतल्या ज्या संशोधकांनी आपला शोध कारखान्यापर्यंत पोचवला, त्यांचा यंदापासून गौरव होणार. आनंद आहे. खाली बारीक अक्षरात असंही होतं, की ज्या विभागाकडे असा एकही शोध नाही, तो विभाग जडवस्तू नोंदणीत विलीन करण्यात येईल.

जडवस्तू नोंदणी म्हणजे खुर्च्या, टेबलं आणि कपाटं यांच्यावर आकडे चिकटवणं. शेजारच्या विभागात कृत्रिम धुकं करणारे धुकेवाले गेल्याच वर्षी तिकडे गेले. दुपारी ते माझ्या खुर्चीला आकडा लावायला आले. मी उठायला लागलो तर म्हणाले, "बसा बसा, मी खालून चिकटवतो." एके काळी या माणसाचं धुकं पाहायला परदेशातून लोक येत.

मी मनाची तयारी करून टाकली. अकरा वर्षं मी लवकर वाळणारा रंग करतो आहे. या काळात रंग कधी चिकट झाला, कधी पातळ झाला, एकदा हिरवा झाला, पण वाळला असा कधीच नाही. आता उरलेली नोकरी खुर्च्यांच्या खाली.

संध्याकाळी संचालकसाहेबांचं बोलावणं आलं. म्हणाले, "अभिनंदन. आपल्या अख्ख्या प्रयोगशाळेत कारखान्यात गेलेला शोध एकच आहे आणि तो तुमचा."

"कोणता?"

"तो न वाळणारा."

८ जानेवारी

ज्याच्याबद्दल साहेब बोलत होते, तो शोध नव्हे, अपघात. तीन वर्षांपूर्वी आम्ही मोठा घाणा काढला होता, चांगली दहा-बारा पिंपं. वाळेल म्हणून बाहेरची भिंत रंगवली. महिना झाला तरी ओलीच. तेवढ्यात लोखंडी फाटकं करणारा एक कारखानदार दुसऱ्याच कामाला आला, त्या भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्याची विजार कामातून गेली. तो वाट्टेल ते बोलून गेला. मी माफी मागायची तयारी करून ठेवली होती, तर दुसऱ्या दिवशी तो ट्रक घेऊन हजर. सगळी पिंपं उचलून नेली. गोदामांच्या पाइपांना तो हा रंग लावतो. चोर वर चढायला जातो, घसरतो आणि दुसऱ्या दिवशी हातावरून सापडतो.

आज अर्ज भरला. छोट्या मॅडम टाइप करत होत्या. (आमच्याकडे आधी एक मोठ्या मॅडम होत्या, त्या निवृत्त झाल्या. या त्यांच्या जागी आल्या म्हणून छोट्या. हुशार पोरगी आहे, फक्त प्रश्न फार.) 'संशोधनाचे उद्दिष्ट' या रकान्यात मी सांगितलं, लवकर वाळणारा रंग. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"अहो, उद्दिष्ट एक आणि झालं भलतंच, असं लिहिलं तर पुरस्कार कसला देतील? लिहा, कधीही न वाळणारा रंग. आरंभापासून."

"पण साहेब, ते खरं नाही."

"रंग ओला आहे की नाही?"

"आहे."

"मग झालं तर."

मी सही केली. छोट्या मॅडमनी विचारलं, "सर, मग आपण इतकी वर्षं काय करत होतो?" मी म्हटलं, तू टाइप कर.

१० जानेवारी

हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे नापास झाल्याबद्दल बक्षीस?"

मी समजावून सांगितलं, की विज्ञानात नापास असं काही नसतं, उद्दिष्ट तेवढं बदलतं. तिने आणखी एक जुडी निवडली. मग म्हणाली, "अहो, पण तुम्हाला तर वाळलेलाच हवा होता ना?"

बायकोला तपशील सांगू नयेत. त्या लक्षात ठेवतात.

१७ जानेवारी

कारखान्यात जाऊन आलो. मालकाने शालीनतेने माझ्यासाठी खुर्ची पुसली, मग स्वतः उभाच राहिला. म्हणाला, भिंतीला टेकायची सवय मोडली तेव्हापासून बसायचीही मोडली. त्याचं गिऱ्हाईक खूश आहे. एका गोदामात चोर पाइपाच्या मध्यावरच सापडला. वर जाता येईना आणि खाली यायची लाज वाटत होती. पहाटेपर्यंत पाइपाला मिठी मारून होता, शेवटी त्यानेच पहारेकऱ्याला हाक मारली.

"पण आता एकच पिंप उरलंय," मालक म्हणाला. "नवीन कधी देताय?"

मी म्हटलं, सांगाल तेव्हा.

परत आलो तर साहेबांकडे निवड समितीचं पत्र आलेलं. मार्चमध्ये समिती येणार. कारखान्यातला रंग पाहणार आणि शिवाय प्रयोगशाळेत, त्यांच्या डोळ्यांसमोर, हाच रंग पहिल्यापासून करून दाखवायचा. साहेब म्हणाले, "तुमच्या हातचा मळ आहे." मी हसलो. खरं हसू का आलं नाही ते इथे लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. तो रंग का वाळत नाही, हे मला ठाऊक नाही.

२३ जानेवारी

पहिला घाणा काढला. सूत्र तेच, मापं तीच, ढवळायला पळीसुद्धा तीच. पत्र्याच्या तुकड्यावर लावला आणि चहा गाळायला गेलो. परत येऊन बोट लावलं.

वाळला होता.

छोट्या मॅडम म्हणाल्या, "सर." मी म्हटलं, दिसतंय मला.

२७ जानेवारी

आजचाही वाळला. आणखी लवकर.

१ फेब्रुवारी

वाळला. वरून नखाने खरवडलं, निघेना. पाणी ओतलं, काही फरक नाही. उन्हात ठेवला, दिव्याखाली ठेवला, तडा नाही की डाग नाही. आरशासारखा. छोट्या मॅडम पत्र्याकडे बघत उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पोरगी मनाला फार लावून घेते. मी म्हटलं, रडू नकोस, अजून महिना आहे. ती म्हणाली, "सर, मी त्यासाठी नाही..."

धुकेवाले आत डोकावले. "माझ्या शेजारचं टेबल रिकामं आहे," म्हणाले. सहानुभूतीने म्हणाले, तरी अंगावर काटा आला.

४ फेब्रुवारी

झोप नाही. हिने सकाळी विचारलं, "आजारी आहात का?" मी म्हटलं, रंग वाळतोय. तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

६ फेब्रुवारी

छोट्या मॅडमनी छडा लावला. रंगात ड्रायर म्हणून एक द्रव घालतात, त्याच्यामुळे रंग हवेत घट्ट होतो. आमच्या भांडारात हा ड्रायर अकरा वर्षं एकाच पुरवठादाराकडून येत होता, कारण निविदेत सगळ्यांत कमी दर नेहमी त्याचाच. गेल्या डिसेंबरात भांडारप्रमुख बदलले. नवीन साहेबांना नियम माहीत नव्हते, त्यांनी चांगला माल घेतला. छोट्या मॅडमनी जुन्या बाटलीच्या तळाशी राहिलेलं तपासलं. त्यात ड्रायर सोडून सगळं होतं.

"सर, म्हणजे आपलं सूत्र पहिल्यापासून बरोबर होतं," ती म्हणाली.

"ते नंतर बघू. आधी तो जुना ड्रायर कुठे मिळेल ते शोध."

ती माझ्याकडे बघतच राहिली. या पिढीला निकड म्हणून कळत नाही.

१० फेब्रुवारी

भांडारात गेलो. म्हटलं, मला निकृष्ट ड्रायर हवा. भांडारप्रमुख म्हणाले, निकृष्ट वस्तू खरेदी करता येत नाही, तशी तरतूद नाही. तुम्ही उत्कृष्ट मागवा, मग जे येईल ते येईल. इतकी वर्षं तसंच तर चाललं होतं.

उत्कृष्ट मागवला. तीन दर आले. सगळ्यांत कमीवाल्याला ऑर्डर दिली.

१८ फेब्रुवारी

माल आला. शुद्ध निघाला. सगळ्यांत कमी दर लावून माणसाने शुद्ध माल पाठवला. मी फोन करून त्याला झापलं, तर तो म्हणतो, "साहेब, नवीन धंदा आहे, नाव करायचंय." कुणावर भरवसा म्हणून ठेवायची सोय राहिली नाही.

घाणा काढला. वाळला.

२१ फेब्रुवारी

जुन्या पुरवठादाराचा पत्ता मिळाला. आता त्याचं गाद्या-उशांचं दुकान आहे. हीसुद्धा आली बरोबर, उशा बघायच्या म्हणून. मला वाटतं, माझ्याकडे लक्ष ठेवायला आली.

तो एका गादीवर आडवा होता. ड्रायरचं नाव काढताच ताडकन उठून बसला. "ते प्रकरण मिटलंय साहेब."

"तक्रार नाही हो. मला तसाच हवाय."

"तसाच म्हणजे कसा?"

"भेसळीचा."

"माझ्या दुकानात येऊन हा शब्द?" तो म्हणाला. "आमचा माल शुद्ध होता. तुमचा रंग वाळत नव्हता, तो तुमचा दोष."

मी हात जोडले. म्हटलं, दोष तुमचाच होता, कृपा करून कबूल करा, माझं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. तो ऐकेना. त्याला वाटलं असावं की बाहेर चौकशीचे लोक उभे आहेत. शेवटी ही पुढे झाली. "भाऊ, यांच्या नोकरीचा प्रश्न आहे. तुम्ही काय घालत होतात, तेवढं सांगा. कुणाला कळणार नाही."

तो विरघळला. "वहिनी, तुम्ही विचारता म्हणून सांगतो. मागच्या अंगणात एक टाकी होती. यंत्रांचं जुनं तेल, उरलंसुरलं, कुणी काय आणून ओतेल ते. त्यात नियम असा काही नव्हता." मी विचारलं, प्रमाण? तो म्हणाला, "प्रमाण कसलं साहेब, पाऊस पडला की पातळ."

त्यातला एक डबा शिल्लक होता. मागचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावून ठेवलेला. मी तो छातीशी धरून बाहेर आलो. ही रस्त्यात एकदम थांबली. म्हणाली, "अहो, म्हणजे इतकी वर्षं तुमचं बरोबरच होतं."

"अगं, डबा हलवू नकोस, सांडेल."

तिने डबा धरायला लावलेला हात काढून घेतला. उशा घ्यायच्या राहून गेल्या.

२३ फेब्रुवारी

ओला.

२४ फेब्रुवारी

अजून ओला. साहेबांनी स्वतः येऊन बोट लावलं, बोटाकडे पाहिलं आणि मला मिठी मारली. माझ्या सदऱ्याच्या पाठीवर त्यांचं बोट उमटलं आहे. हिला दाखवलं. तिने सदरा भिजत टाकला. निघणार नाही म्हटलं. ती म्हणाली, ठाऊक आहे.

२ मार्च

समिती यायच्या आधी सगळे वाळलेले नमुने हलवायचे आहेत. साहेबांचा हुकूम, "कोरडं काही दिसता कामा नये." शेल्फभर पत्रे आहेत, सगळे चकचकीत. शिपाई भंगारात घालायला निघाला, तर छोट्या मॅडमनी अडवलं.

"सर, हे मी घेऊ?"

"काय करणार आहेस?"

"असू दे."

"घे बाई. कचराच आहे."

"तसं लिहून द्याल? गेटवर विचारतात."

मी कागदावर लिहिलं, 'निरुपयोगी नमुने, विभागास नकोत', आणि सही केली. ती म्हणाली, "सर, आणि त्या घाण्यांची मापं?" तीही दिली. माझ्या काय कामाची? सही करताना हात थोडा अडला, का ते कळलं नाही. पेन नवीन होतं.

११ मार्च

समिती येऊन गेली. अध्यक्ष, एक सदस्य बाई आणि एक सदस्य, जे गाडीतून झोपेतच उतरले.

करून दाखवलं. साहेब मागून डब्यातला द्रव एका सुंदर काचेच्या भांड्यातून देत होते, कुणाला वास येऊ नये म्हणून खिडक्या उघड्या. मग सगळे कारखान्यात. मालकाने भिंत रंगवून ठेवली होती. अध्यक्षांनी पंजा लावला, काळा पंजा वर करून सगळ्यांना दाखवला. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवताना समोरच्या बाईंच्या साडीवर शिंतोडे उडाले. त्या म्हणाल्या, "मी ही साडी धुणार नाही." मग हस्तांदोलनं झाली. अध्यक्षांनी साहेबांचा हात हातात घेतला, साहेबांनी मालकाचा, मालकाने माझा, मी झोपलेल्या सदस्यांचा. निघताना गाडीचं दार, दाराचं हँडल, ड्रायव्हरची टोपी, सगळं काळं. मी आजवर इतका सर्वांगीण उपयोग झालेला शोध पाहिलेला नाही.

एकच अडचणीचा प्रश्न आला. सदस्य बाईंनी विचारलं, "कधी काळी वाळला तर?"

साहेब म्हणाले, "वाळणार नाही, याची आम्ही लेखी हमी देतो." लेखी हमीवर मी सही केली.

३ एप्रिल

पुरस्कार मिळाला. सभागृह भरलं होतं. निवेदकाने सांगितलं, कोरड्या जगात ओलावा जपणारा संशोधक. लहानपणापासून मला न वाळणाऱ्या रंगाचं स्वप्न पडत असे, असंही म्हणाला. हे कुणी सांगितलं त्याला, माहीत नाही. सन्मानचिन्ह म्हणजे काचेचा ठोकळा आहे, आत आमच्या रंगाचा एक थेंब, सदा ओला. मी भाषणात सगळ्यांचे आभार मानले. पुरवठादाराचे मनातल्या मनात मानले.

ही पुढच्या रांगेत होती. टाळ्या वाजवत होती, पण मला तिचा चेहरा ओळखू येईना. घरी येताना विचारलं, आनंद झाला ना? म्हणाली, "झाला हो. विभाग राहिला, ते बरं झालं."

कौतुक करताना तिला नेहमी एक शब्द कमी पडतो.

४ एप्रिल

धुकेवाले आले आणि ठोकळ्याला आकडा चिकटवून गेले. आकडा थेंबाच्या अगदी वर बसला. काढून दुसरीकडे लावा म्हटलं, तर म्हणाले, एकदा लावला की लावला.

६ एप्रिल

छोट्या मॅडमचा राजीनामा. एका रंगाच्या कंपनीत चालली आहे. मी म्हटलं, पुरस्कार मिळवलेला विभाग सोडून चाललीस? ती म्हणाली, "सर, इथे आता वाळणारा रंग करता यायचा नाही." खरंच आहे. वरून आदेश आला आहे, की विभागाचं उद्दिष्ट साध्य झालं असल्याने वाळणाऱ्या रंगावर यापुढे काम करू नये. मी तो आदेश तिला वाचून दाखवला. जाताना ती वाकून नमस्कार करायला लागली. मी मागे सरकलो, माझ्या हाताला रंग होता.

२० जून

काही विशेष नाही. ओला.

९ सप्टेंबर

छोट्या मॅडम आल्या होत्या. आता कुणी छोट्या म्हणणार नाही, सोबत कंपनीचा वकील होता. पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. वर चित्र, खाली 'चहा होईपर्यंत कोरडा' असं छापलेलं.

"सर, त्या पत्र्यांवरून आणि तुमच्या मापांवरून केला. सूत्र तुमचंच आहे, एक थेंब इकडचा तिकडे नाही. मी फक्त चांगला ड्रायर विकत घेतला."

मी डब्याकडे पाहत होतो.

"पुढच्या महिन्यात बाजारात येतोय," ती म्हणाली. "शोधकर्ता म्हणून तुमचं नाव द्यायचं, असं कंपनीचं म्हणणं आहे. मीच हट्ट धरला. फक्त एक सही हवी, की हा रंग तुम्ही केला."

मी काय सांगू. मला बरेच दिवस कुठेतरी कळत होतं. पहिला पत्रा वाळला त्याच दिवशी कळलं असावं. पण घाईत होतो.

तिला घेऊन साहेबांकडे गेलो. साहेबांनी अर्ज काढला. उद्दिष्ट, कधीही न वाळणारा रंग, आरंभापासून. खाली माझी सही. मग लेखी हमी. खाली माझी सही. मग 'निरुपयोगी नमुने, विभागास नकोत'. सही.

"एकाच माणसाने आरंभापासून न वाळणाराही केला आणि वाळणाराही केला, हे कसं जमायचं?" साहेब म्हणाले. ओरडले नाहीत. "एक काहीतरी खोटं ठरणार. पुरस्काराचं खोटं ठरलं, तर पुरस्कार परत. विभाग नोंदणीत. तुम्ही, मी, शिपाई, सगळे खुर्च्यांच्या खाली. तुम्हीच सांगा."

त्यांनीच मजकूर सांगितला, मी लिहिला. 'सदर वाळणाऱ्या रंगाशी माझा कोणताही संबंध नाही व कधीही नव्हता.'

सही केली.

छोट्या मॅडम बाहेर व्हरांड्यात उभ्या होत्या. वकिलाने कागद बॅगेत घातला. ती म्हणाली, "सर, डबा तरी ठेवा." मी म्हटलं, कारखान्याकडून भेट घेता येत नाही, नियम आहे. तिने डबा परत पिशवीत घातला. मग म्हणाली, "सर, मी वाट बघत होते. फेब्रुवारीपासून. तुम्ही एकदा म्हणाल म्हणून."

"काय म्हणेन?"

"वाळला, म्हणून."

तिला जिन्यापर्यंत पोचवायला गेलो. परतताना भिंतीला हात लागला, धुवावा लागला.

१० सप्टेंबर

हिला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिने. "सहीच्या आधी एक फोन केला असतात तर," एवढंच म्हणाली. केला असता तर काय झालं असतं, मी विचारलं नाही. ती सही करा म्हणाली असती, असं मला वाटत नाही. भीती तिच्या होकाराची नाही, ती 'करू नका' म्हणाली असती याचीच वाटते.

२६ ऑक्टोबर

स्वयंपाकघराचं दार रंगवायचं ठरलं. रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारण्याआधीच तो डबा पुढे केला. "हाच न्या. लोक दुसरा मागतच नाहीत." पत्र्यावर ब्रश फिरवून दाखवला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, मग बोट फिरवलं. कोरडं. त्याने मलाही बोट फिरवायला लावलं. मी फिरवलं.

"कसं काय जमलंय यांना, देव जाणे," दुकानदार म्हणाला. "तुम्ही काय करता?"

"रंगातच आहे. सरकारी प्रयोगशाळेत."

"मग शिका हो यांच्याकडून काहीतरी."

ही माझ्या शेजारी उभी होती. ती कुठल्याही दुकानात भाव केल्याखेरीज बोलत नाही. आज एकदम म्हणाली, "हा रंग यांनीच केलाय."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर कागद आला, सही आली, साहेब आले, शिपाई आला. शिपायाला तीन मुली आहेत.

"नाही, नाही," मी म्हटलं. "हिचा काहीतरी गैरसमज झालाय."

दुकानदार हसला. म्हणाला, बायकांना आपल्या नवऱ्याचं कौतुक असतंच. हिने मान खाली घातली आणि पर्समधून पैसे काढायला लागली. मी म्हटलं, मी देतो. ती म्हणाली, "नको. हा मी घेणार."

रस्ताभर डबा तिनेच धरला.

घरी आल्यावर मी दार रंगवलं. वरपासून खालपर्यंत, ब्रश एकाच दिशेने, जसं मी शेकडो वेळा छोट्या मॅडमना शिकवलं होतं. हिने चहा ठेवला. चहा उकळायच्या आत पहिला हात वाळला. दुसरा दिला. तिने कप माझ्या हातात दिला आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली, सरळ, साडी बिडी काही न बघता. मी ओरडणार होतो, सवयीने. ओरडलो नाही.

"छान झालाय हो," ती म्हणाली.

मला रडू आलं. लहान मुलासारखं, कप हातात धरून. ती काय झालं म्हणून पुढे आली, तर मी म्हटलं, काही नाही, रंगाचा वास डोळ्यांत गेला. या रंगाला वास नसतो. डब्यावर तसं ठळक छापलं आहे, तिने ते दुकानातच वाचलं होतं. तिने माझा कप घेतला आणि म्हणाली, "बसा जरा. आता टेकलात तरी चालेल."